पनवेलची खोली आणि एसीचा टन

खोलीसाठी वातानुकूलन यंत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसी, घ्यायला गेलेल्या ग्राहकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो खोली किती बाय किती आहे हा, आणि पुष्कळदा त्याच्या उत्तरावरच सारा निर्णय होतो : शंभर-एकशेवीस चौरस फुटांपर्यंत एक टन, त्यापुढे एकशेऐंशीपर्यंत दीड टन, त्याहून मोठ्या खोलीला दोन टन. हा आडाखा निराधार नाही, कारण खोली मोठी असली की भिंती, छत आणि आतली हवा ही सगळीच वाढतात. परंतु तो कोरड्या आणि दमट अशा सर्व गावांना एकच गणित लावतो, आणि मजला, दिशा, भिंतीचा प्रकार व हवेतले पाणी या चार गोष्टी बाजूला ठेवतो. खाडीकाठी वसलेल्या आणि वर्षातील चार महिने पावसाखाली असणाऱ्या पनवेलमध्ये नेमक्या याच गोष्टी निर्णायक ठरतात. त्या हिशेबात घेतल्या की असे दिसून येते की गरजेपेक्षा मोठा एसी घेणे हा येथे सुरक्षित मार्ग नसून ती लहान एसी घेण्याइतकीच चूक आहे, आणि काही खोल्यांत तर त्याहून मोठी.

मुळात टन हे येथे वजनाचे माप नाही. शून्य अंश सेल्सिअसवर असलेला एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत पूर्ण वितळण्यासाठी जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या वेगाने उष्णता ओढून काढण्याच्या क्षमतेला एक टन म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील तळ्यांवर गोठलेला बर्फ जहाजांतून मुंबई-कलकत्त्यापर्यंत येत असे आणि थंडावा हा बर्फाच्या वजनावरच विकला जात असे. पुढे बर्फाची जागा यंत्राने घेतली तरी मोजण्याची रीत तीच राहिली. आजच्या एककांत एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू किंवा सुमारे ३,५१७ वॅट. यापैकी बीटीयू हे ब्रिटिश एकक असून एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवण्यास लागणारी उष्णता असा त्याचा अर्थ आहे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हे ३,५१७ वॅट म्हणजे एसीने खाल्लेली वीज नव्हे, तर त्याने खोलीतून बाहेर नेलेली उष्णता होय. एसी उष्णता निर्माण करत नाही, ती केवळ आतून बाहेर हलवतो, त्यामुळे एक टनाचे चांगले यंत्र पूर्ण भारावर चालतानाही सुमारे एक किलोवॅट विजेत हे काम करते.

दीड टनाच्या यंत्राची क्षमता या हिशेबाने ५,२७५ वॅट असायला हवी, पण त्याच्यावरील केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांच्या लेबलवर छापलेला शीतन क्षमतेचा आकडा पाहिला तर तो अनेकदा पाच हजारांच्या आसपास, काही वेळा त्याहूनही कमी असतो. दुकानातील ‘दीड टन’ हे एका गटाचे नाव आहे. खरी क्षमता लेबलवरच्या वॅटमध्ये असते, आणि खोलीचा हिशेबही वॅटमध्येच करता येत असल्यामुळे तुलना त्याच आकड्याशी करणे योग्य. हा आकडाही प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीत, म्हणजे खोलीत २७ आणि बाहेर ३५ अंश तापमान असताना, मोजलेला असतो. बाहेरचे यंत्र त्याहून गरम जागी बसवले तर क्षमता त्या मानाने घटते.

खोलीत उष्णता येते ती छतातून, बाहेरच्या भिंतींतून, खिडकीच्या काचेतून, फटींतून शिरणाऱ्या हवेबरोबर, शेजारच्या न थंड केलेल्या खोल्यांतून, आणि आतली माणसे व उपकरणे यांच्यापासून. एका तासात या सर्वांतून येणाऱ्या उष्णतेची बेरीज म्हणजे खोलीचा उष्णतेचा भार, आणि एसीची क्षमता या भाराला पुरून थोडी उरेल इतकी असावी लागते. सारा प्रश्न एवढाच आहे. परंतु या बेरजेतील प्रत्येक रक्कम स्थळानुसार बदलते, म्हणून पनवेलची बेरीज पनवेलच्याच सूर्यापासून आणि पनवेलच्याच हवेपासून सुरू करावी लागते.

पनवेल उत्तर अक्षांशाच्या जवळजवळ १९ अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो. जुलैत त्याला ढग झाकून टाकतात, मे महिन्यात मात्र आकाश बहुधा निरभ्र असते आणि दुपारचे ऊन जवळजवळ काटकोनात गच्चीवर पडते. याचा परिणाम असा की उन्हाळ्यात इमारतीच्या सर्व पृष्ठभागांपैकी सर्वाधिक ऊन गच्ची घेते, त्याखालोखाल पश्चिमेची आणि पूर्वेची भिंत, आणि दक्षिणेच्या भिंतीवर भर मे महिन्यात जवळजवळ ऊन पडतच नाही. दक्षिणेची खोली उन्हाळ्यात तापते ही समजूत येथे खरी ठरत नाही. दक्षिणेचे ऊन ऑक्टोबरपासून आत येऊ लागते आणि डिसेंबर-जानेवारीत सर्वांत लांबवर पोहोचते, जेव्हा एसीची गरज नसते. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र दक्षिणेच्या मोठ्या खिडकीचा विचार करावा लागतो.

गच्चीच्या स्लॅबचा प्रश्न केवळ तापण्याचा नसून उशिरा तापण्याचा आहे. काँक्रीट जड असल्यामुळे ते दिवसभर उष्णता साठवते आणि खालच्या बाजूला ती काही तासांनी पोहोचते. सहा इंची स्लॅबवर जलरोधनासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला असेल तर हा विलंब पाच-सहा तासांपर्यंत जातो. दुपारी एक-दोन वाजता गच्चीने घेतलेले ऊन शेवटच्या मजल्यावरच्या झोपण्याच्या खोलीत संध्याकाळी सात-आठ वाजता उतरते आणि रात्री उशिरापर्यंत उतरत राहते. बाहेर वारा सुटून गारवा आलेला असतानाही छताला हात लावला तर ते कोमट लागते, ते यामुळेच. नवी मुंबई आणि पनवेल परिसरातील अनेक इमारतींच्या गच्चीवर पावसाची गळती थांबवण्यासाठी पत्र्याचे छप्पर उभारलेले दिसते. ते मुख्यतः पाण्यासाठी असले तरी पत्रा आणि स्लॅब यांच्यामध्ये वारा खेळता असेल तर उन्हाचा मोठा भाग स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही. गच्चीला पांढरा परावर्तक रंग देणे किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी करणे यानेही हेच साधते. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने एसीचा टन वाढवण्याआधी गच्चीचा हा खर्च सोसायटीपुढे मांडावा, कारण तो एकदाच करायचा असतो आणि त्याचा लाभ दर रात्रीच्या विजेत मिळतो.

भिंतींच्या बाबतीत पनवेल हे शहर एक पाठ्यपुस्तकच आहे. जुन्या गावात कौलारू छपराची, माळ्याची आणि जाड भिंतींची घरे आजही थोडीफार शिल्लक आहेत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने वसवलेल्या नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या नगरांत विटांच्या भिंतींच्या चार-पाच मजली इमारती आल्या. आणि अलीकडच्या उंच मनोऱ्यांत एक तर हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे वापरले जातात किंवा ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंत आणि स्लॅब एकत्रच ओतले जातात, ज्याला बांधकामाच्या धंद्यात मायवान म्हणतात. या भिंती उष्णतेच्या दृष्टीने परस्परांपासून फार भिन्न आहेत. भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार जाते, हे मोजले तर नऊ इंची गिलावा केलेल्या विटांच्या भिंतीतून सुमारे दोन वॅट, सहा इंची भरीव काँक्रीटच्या भिंतीतून तीनाहून अधिक, आणि आठ इंची सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीतून एक वॅटपेक्षाही कमी उष्णता जाते. म्हणजे त्याच आकाराची, त्याच दिशेची खोली भिंत बदलली की तिच्यातून तिप्पट-चौपट उष्णता आत घेऊ शकते. नवे म्हणजे थंड असे येथे गृहीत धरता येत नाही. घरांच्या बाह्य कवचातून किती उष्णता आत यावी यासाठी केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली आहे आणि तिच्यात दमट-उष्ण प्रदेशाचा स्वतंत्र विचार आहे. पनवेल याच प्रदेशात मोडते. घर घेताना ग्राहकांनी भिंत कशाची आहे हे विचारण्याची सवय लावून घेतली, तर एसीच्या खरेदीआधीच अर्धी लढाई जिंकलेली असेल.

खिडकीबद्दल थोडक्यात सांगता येते. पश्चिमेच्या साध्या काचेच्या खिडकीतून दुपारी चार वाजता दर चौरस मीटरमागे काहीशे वॅट उष्णता आत येते, आणि आतला पडदा तिचा काही भागच परत पाठवतो, कारण ऊन तोपर्यंत काच ओलांडून आलेले असते. बाहेरचा छज्जा, बांबूची चीक किंवा बाल्कनीची सावली हे त्याहून कितीतरी परिणामकारक ठरतात.

आता हवेतल्या पाण्याकडे वळावे लागते, कारण पनवेलच्या एसीचे निम्मे शास्त्र तेथे आहे. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभच मुळी थंडाव्यासाठी नव्हे, तर ओलाव्यासाठी झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद ताणला जाऊन एकावर एक छापायचे रंग सरकत असत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातील आर्द्रता काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. तिचे तत्त्व असे की हवा जेवढी गरम तेवढी ती अधिक बाष्प धरू शकते, आणि ती एका ठरावीक तापमानाच्या खाली, म्हणजे दवबिंदूच्या खाली, नेली की जास्तीचे बाष्प पाणी होऊन गळते. एसीच्या पाइपातून टपकणारे पाणी ते हेच.

बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, आणि तीही एसीलाच ओढून काढावी लागते. या उष्णतेने तापमापकातला पारा हलत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात; पारा हलवणाऱ्या उष्णतेला प्रकट उष्मा म्हणता येईल. जूनच्या तोंडावर, पाऊस यायच्या आधी, पनवेलमध्ये बाहेर ३३ अंश तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे, म्हणजे त्या तापमानाची हवा जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या ७० टक्के बाष्प तिच्यात आहे, असे धरले, तर एक किलो हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी असते. खोलीत २५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी असेल तर त्यातील ११ ग्रॅमच शिल्लक राहायला हवे. ही एक किलो हवा आठ अंशांनी गार करण्यास सुमारे ८ किलोज्यूल ऊर्जा काढावी लागते, पण तिच्यातील ११ ग्रॅम पाणी काढण्यास जवळजवळ २९ किलोज्यूल. याउलट नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना एक किलो हवेत जेमतेम ८ ग्रॅम पाणी असते, म्हणजे खोलीत हवे त्याहूनही कमी. ती हवा अठरा अंशांनी गार करायला सुमारे १८ किलोज्यूल लागतात आणि पाणी काढायचा प्रश्नच येत नाही. तापमापक पाहणाऱ्याला विश्वास बसू नये अशी ही गोष्ट आहे, पण बाहेरून आत शिरलेली एक किलो हवा पनवेलमध्ये एसीवर नागपुरातील हवेच्या दुप्पट भार टाकते. विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर उपयोगी पडतात, पनवेलमध्ये कूलर खोलीला अधिक चिकट करून सोडतो, याचे कारणही हेच : आधीच पाण्याने भरलेल्या हवेत आणखी पाणी बाष्प होऊन फारसे मिसळत नाही, त्यामुळे गारवा थोडा मिळतो आणि ओलावा मात्र वाढतो.

माणसाच्या शरीरालाही हाच नियम लागू आहे. घाम वाळला तरच शरीर गार होते, आणि दमट हवेत तो वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. या प्रदेशात उकाड्याचे मोजमाप केवळ अंशांत करणे धोक्याचे आहे, आणि वृद्ध, आजारी व तान्ह्या मुलांच्या खोलीत ओलावा काढून टाकणे ही चैन मानता येत नाही.

गरजेपेक्षा मोठा एसी नेमका येथे अपयशी ठरतो. एसीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून यंत्र चालू-बंद करणारा भाग, फक्त प्रकट उष्मा ओळखतो. ठरावीक वेगाने चालणारा मोठा एसी खोलीतील हवा काही मिनिटांतच २४ अंशांवर आणतो आणि त्याचा कॉम्प्रेसर थांबतो. पहिली काही मिनिटे नळ्या गार होण्यात आणि त्यांच्यावर पाण्याचा थर साचण्यातच जातात. पाणी टपकून बाहेर जाऊ लागावे तोच यंत्र थांबते, पंखा मात्र फिरत राहतो आणि नळ्यांवरचे पाणी पुन्हा खोलीत उडते. तापमान उतरलेले आणि ओलावा तसाच, अशी ती ओलसर गारठ्याची खोली होते. अंथरूण दमट लागते, कपाटामागे आणि पश्चिमेच्या भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते, आणि अंगाची चिकचिक जात नाही म्हणून माणूस तापमान आणखी खाली, २० अंशांवर नेतो, ज्याने विजेचे बिल वाढते आणि मूळ दुखणे तसेच राहते. पावसाळ्यात ही स्थिती सर्वांत तीव्र असते. जुलैत बाहेर २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असताना एक किलो हवा २५ अंशांवर आणण्यास सुमारे ३ किलोज्यूल पुरतात, पण तिच्यातील पाणी काढण्यास २६ लागतात. थर्मोस्टॅटला ते ३ दिसतात, २६ दिसत नाहीत.

इन्व्हर्टर एसीने हा दोष पुष्कळ सौम्य केला आहे. त्याच्या कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त होतो, त्यामुळे तो बंद पडण्याऐवजी मंद गतीने चालत राहतो. तथापि मंद होण्यालाही मर्यादा असते, आणि दोन टनांचे यंत्र ज्या किमान क्षमतेपर्यंत खाली येऊ शकते तीच जर लहान खोलीच्या पावसाळी रात्रीच्या गरजेहून अधिक असेल, तर तेही चालू-बंद होऊ लागते. शिवाय मंद गतीत नळ्या तितक्या थंड राहत नाहीत आणि दवबिंदूच्या फार खाली जात नाहीत. इन्व्हर्टर आहे, मग मोठाच घ्या, हा सल्ला दमट गावासाठी योग्य नाही.

प्रत्यक्ष हिशेब कसा होतो हे एका नमुन्यावरून समजेल. नवीन पनवेलमधील चार मजली इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर १० बाय १२ फुटांची झोपण्याची खोली आहे, उंची साडेनऊ फूट, बारा फुटांची सहा इंची विटांची भिंत पश्चिमेला, तिच्यात ४ बाय ४ फुटांची खिडकी, आणि वर उघडी गच्ची, असे धरावे. मे महिन्याच्या संध्याकाळी तिच्या छतातून सुमारे ७०० वॅट, पश्चिमेच्या भिंतीतून २७०, खिडकीतून ५००, शेजारच्या भिंती व खालच्या मजल्यातून मिळून ४००, आणि खोलीतील सगळी हवा तासाला एकदा बदलते असे मानले तर फटींतून येणाऱ्या हवेबरोबर ४०० वॅट येतात. दोन जागी माणसे २३० वॅट आणि दिवा, पंखा, टीव्ही मिळून १५० वॅट देतात. बेरीज २,६५० वॅट, म्हणजे पाऊण टन. संध्याकाळी बंद खोली उघडल्यावर तापलेल्या भिंती, गाद्या, लाकडी सामान गार करण्यासाठी पंचवीस टक्के जास्त धरले तरी ३,३०० वॅट होतात. लेबलवर साडेतीन हजारांच्या जवळपास आकडा असलेला एक टनाचा एसी तेथे पुरतो, परंतु फारसा उरत नाही.

आता तीच खोली त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आणि उत्तरेच्या बाजूला न्यावी. छताचे ७०० वॅट १४० होतात, भिंतीचे १२०, खिडकीचे १५०. बाकीच्या रकमा तशाच राहतात आणि बेरीज १,६०० वॅटच्या आत येते. पंचवीस टक्के वाढवूनही २,००० वॅट, म्हणजे पाऊण टनाला किंवा बाजारातील ०.८ टनाच्या यंत्राला सहज पेलणारा भार. चौरस फुटांच्या आडाख्याने दोन्ही खोल्यांना एकच उत्तर दिले असते, आणि ‘थोडा मोठाच बरा’ या सल्ल्याने उत्तरेच्या खोलीत दीड टन बसला असता, गरजेच्या अडीचपट. वरचे आकडे अर्थातच अंदाजाचे आहेत. विटेचा दर्जा, रंग, फटी यांनुसार ते पंधरा-वीस टक्क्यांनी इकडेतिकडे होतील, पण दोन खोल्यांमधील अंतर त्याने पुसले जाणार नाही. पहिल्या खोलीच्या गच्चीवर पत्र्याची वायुवीजित सावली आली, तर छताचे ७०० वॅट अडीचशे-तीनशेवर येतात आणि तिचाही प्रश्न सुटतो.

हिशेबात सर्वांत सहज घसरणारी रक्कम हवेची आहे. दाराखालची बोटभर फट, स्वच्छतागृहाचा चालू राहिलेला एक्झॉस्ट पंखा, सरकत्या खिडकीच्या चौकटीतील झिजलेला ब्रश यांनी तासाला दोन-तीनदा हवा बदलली की ४०० वॅटचे ८०० ते १,२०० होतात. दाराला रबरी पट्टी लावणे हा दमट प्रदेशातील सर्वांत स्वस्त थंडावा आहे. मात्र खोली अगदी हवाबंद करणेही बरे नाही, कारण रात्रभर झोपणाऱ्या माणसांना ताजी हवा लागते. थोडी गळती ही गरज आहे, बेसुमार गळती हा तोटा.

दिवाणखान्याचा हिशेब याहून निसरडा आहे. एक किंवा दोन शयनगृहांच्या घरांत दिवाणखाना, बोळ आणि स्वयंपाकघर बहुधा दाराविना जोडलेले असतात, त्यामुळे १६० चौरस फुटांच्या दिवाणखान्यासाठी घेतलेला एसी प्रत्यक्षात अडीचशे चौरस फूट गार करत असतो, आणि पोळ्या होत असताना गॅसच्या एका शेगडीतून दोन किलोवॅटच्या आसपास उष्णता त्याच्यावर पडते. अशा ठिकाणी मोठा टन शोधण्यापेक्षा बोळाच्या तोंडाशी सरकते दार किंवा जाड पडदा लावणे शहाणपणाचे ठरते. क्षेत्रफळ मोजतानाही करारनाम्यातला आकडा न घेता भिंतीपासून भिंतीपर्यंत फितीनेच मोजावे. रेरा कायद्यातील चटई क्षेत्रात घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते आणि ती गार करावी लागत नाही.

ताऱ्यांबाबत एवढेच सांगणे पुरेसे आहे की ते क्षमता दाखवत नाहीत, कार्यक्षमता दाखवतात. २०१० पासून खोलीच्या एसीवर तारे सक्तीचे झाले आणि २०१८ पासून ते ज्या गुणोत्तरावर दिले जातात ते वर्षाच्या १,६०० तासांचा, बाहेर २४ ते ४३ अंशांमधील निरनिराळ्या तापमानांचा, सरासरी हिशेब असतो. पनवेलमध्ये एसी मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये रोज कित्येक तास चालत असल्याने जास्त ताऱ्यांची जादा किंमत येथे वसूल होण्याची शक्यता चांगली आहे, विशेषतः महावितरणचा घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जात असल्याने; तथापि यंत्र हवा किती कोरडी करील याविषयी तारे काहीही सांगत नाहीत. २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ अंशांवर येतील अशी सोय सक्तीची आहे. छताचा पंखा मंद गतीने चालू ठेवला तर बहुतेकांना २६ अंशही पुरतात, आणि तापमान दोन अंशांनी वाढवले की भिंती व छतातून येणारा भारही तेवढा उतरतो.

बाहेरचे यंत्र कोठे बसवायचे हे टनाइतकेच महत्त्वाचे आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अनेक इमारतींत ते मागच्या अरुंद डक्टमध्ये, एकावर एक सात-आठ यंत्रांच्या रांगेत, टांगले जाते. खालच्या यंत्रांनी सोडलेली गरम हवा वरची यंत्रे पुन्हा घेतात आणि वरच्या मजल्यावरच्या एसीला गावातील तापमानापेक्षा कितीतरी गरम हवेत काम करावे लागते. अशा जागी लेबलवरची क्षमता मिळत नाही, आणि ग्राहक तो दोष टनाच्या माथी मारून पुढच्या वेळी अधिक मोठे यंत्र घेतो, जे डक्टमध्ये अधिकच उष्णता ओतते. खाडीकडून येणाऱ्या खारट हवेने आणि तळोजे औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या वायूंनी नळ्या व पापुद्रे गंजतात, म्हणून तांब्याच्या नळ्या आणि गंजरोधक लेप येथे आवश्यक मानावेत. पावसाळ्यानंतर एकदा बाहेरचे यंत्र गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे. जुन्या घरात एसीसाठी स्वतंत्र तार, १६ अँपिअरचा बिंदू आणि स्वतंत्र एमसीबी नसेल तर ते काम खरेदीच्या आधी करून घ्यावे लागते.

एसी बसवल्यावर निवड बरोबर झाली की नाही, हे तपासण्याचे एक साधे साधन प्रत्येक घरात असते. पाण्याचा पाइप तासभर बादलीत सोडावा. एक लिटर पाणी जमले तर त्या तासात सुमारे ६८० वॅट, म्हणजे एका टनाचा जवळजवळ पाचवा भाग, केवळ ओलावा काढण्यात खर्च झाला. वरील नमुन्यातील खोलीत, दारे नीट बंद असतील तर, तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी अपेक्षित आहे. याहून पुष्कळ जास्त पाणी तासन्‌तास येत राहिले तर दोष टनाचा नसून बाहेरची हवा कोठून तरी मुक्तपणे आत येत आहे. पाणी जवळजवळ येतच नसेल, खोली गार असेल आणि तरीही अंथरूण दमट लागत असेल, तर यंत्र खोलीला मोठे झाले आहे. अशा वेळी तापमान आणखी उतरवण्याऐवजी ते २६ अंशांवर ठेवून पंख्याचा वेग सर्वांत कमी करावा, किंवा यंत्रात असेल तर ओलावा काढण्याची ‘ड्राय’ पद्धत लावावी, म्हणजे हवा नळ्यांवरून सावकाश जाते आणि तिच्यातील पाणी गळून पडण्यास वेळ मिळतो. ही तपासणी जुलैच्या रात्री करावी. मे महिन्यात सूर्याचा भार इतका मोठा असतो की मोठे यंत्रही सतत चालत राहते आणि त्याचे मोठेपण झाकले जाते.